पांढरा तो कोणता?

साड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक बसले आहे. दुकानदाराने वीसपंचवीस साड्या गादीवर पसरल्या आहेत आणि त्यांतील एक आमसुली रंगाची साडी पसंतही पडली आहे. परंतु घरातील वडीलधारी बाई ती तशीच बांधून घेत नाही. ती उठते, पदर हातात घेऊन दुकानाच्या दाराशी जाते आणि बाहेरच्या उजेडात धरून पाहते. दिव्याखाली जो रंग तांबूस वाटला होता, तो येथे जांभळ्याकडे झुकलेला दिसतो. मग पसंती कायम होते किंवा बदलते. त्या बाईला प्रकाशाचे शास्त्र कोणी शिकविलेले नसते. पण एक गोष्ट तिला पक्की ठाऊक असते. रंग हा एकट्या कापडाचा नसतो. तो कापडाचा आणि उजेडाचा मिळून असतो.

कापडावर जो प्रकाश पडतो त्यातील काही भाग कापड शोषून घेते आणि उरलेला परत पाठविते. हा परत आलेला प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरला म्हणजे आपल्याला रंग दिसतो. जुन्या पद्धतीच्या तारेच्या दिव्याच्या प्रकाशात निळा अंश मुळातच थोडा असतो. जे आलेच नाही ते कापड परत कोठून पाठविणार? पांढऱ्या कागदाची गोष्ट तर याहूनही गमतीची आहे. सर्व रंगांचा प्रकाश तो जवळजवळ सारख्याच प्रमाणात परत पाठवितो. म्हणजे त्याला स्वतःचे असे काही मतच नाही. जसा उजेड तसा कागद. दिव्याखाली तो खरे पाहता पिवळसर असतो आणि भर दुपारी झाडाच्या सावलीत, वरच्या निळ्या आकाशाच्या उजेडात, निळसर असतो.

असे असूनही दोन्ही ठिकाणी कागद पांढराच दिसतो, हे कसे? याचे उत्तर डोळ्यांत आणि मेंदूत आहे. संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी रस्त्याने जाताना एखाद्या घराच्या खिडकीकडे पाहावे. आत तारेचा दिवा लागलेला असेल तर सारी खोली केशरी पिवळी दिसते. त्याच खोलीत जाऊन पाच मिनिटे बसले की तो पिवळेपणा नाहीसा होतो आणि हातातील वर्तमानपत्र पांढरे दिसू लागते. दिवा बदललेला नसतो. बदललेले असतात आपले डोळे. डोळ्याच्या आतील पडद्यावर तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. ढोबळ मानाने एक प्रकार तांबड्या बाजूच्या प्रकाशाला, दुसरा हिरव्या बाजूच्या आणि तिसरा निळ्या बाजूच्या प्रकाशाला अधिक प्रतिसाद देतो. ज्या रंगाचा उजेड फार, त्या प्रकारच्या पेशींची संवेदनक्षमता उतरते. ज्याचा थोडा, त्यांची चढते. फोन क्रीस या जर्मन शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये ही कल्पना नीट मांडली. तिच्यात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, परंतु तिचा गाभा अजून उपयोगात आहे.

त्याच्याही शंभराहून अधिक वर्षे आधी, १७८९ मध्ये, गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक साधा प्रयोग केला होता. तांबड्या काचेतून तांबड्या कागदाकडे पाहिले तर तो अधिक तांबडा दिसेल अशी कोणाचीही अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो पांढरट दिसतो! काचेतून सगळीकडूनच तांबडा उजेड येत असतो. त्यातील जे सर्वांत उजळ ते पांढरे, असा निर्णय मन देऊन टाकते.

डोळ्यांची ही सवय संसाराला फार सोयीची आहे. ती नसती तर दिवस मावळताच ताटातला भात पिवळा झाला असे वाटून माणूस दचकला असता. पण दोन माणसांनी एकमेकांना रंग सांगावयाचा म्हटले की हीच सवय घोटाळा करते. २०१५ च्या फेब्रुवारी महिन्यात एका पट्टेरी पोशाखाचे छायाचित्र जगभर पसरले. तो पोशाख कित्येकांना पांढरा व सोनेरी दिसला, तर कित्येकांना निळा व काळा. एकाच घरात, एकाच पडद्याकडे पाहून भावाबहिणींची भांडणे झाली. पोशाख खरोखर निळा व काळा होता. छायाचित्रातील उजेड कसला आहे हे चित्रावरून स्पष्ट होत नव्हते. ज्यांच्या मनाने तो निळसर सावलीतला मानला त्यांनी निळेपणा उजेडाच्या खात्यावर टाकला आणि पोशाख पांढरा ठरविला. ज्यांनी तो पिवळ्या दिव्याचा मानला त्यांना पोशाख निळा दिसला. प्रत्येकाने आपला पांढरा मनातल्या मनात ठरविला होता, आणि तो एकमेकांना सांगितला मात्र नव्हता.

कॅमेऱ्याजवळ तर असे मनही नाही. दिव्याखाली कागद पिवळा असेल तर तो पिवळाच टिपतो. या उजेडात पांढरे म्हणजे हे, असे त्याला कोणी तरी सांगावे लागते. अथवा चित्रावरून अंदाज बांधण्याची युक्ती त्याच्यात भरून ठेवावी लागते. तो अंदाज चुकला की लग्नातल्या छायाचित्रांत नवरानवरीला कावीळ झाल्यासारखी दिसते.

येथे एक उपमा उपयोगी पडेल. कळसूबाईच्या शिखराची उंची १६४६ मीटर आहे असे आपण भूगोलात वाचतो. पण पायथ्याच्या बारी गावातून चढणारा माणूस त्याहून पुष्कळ कमी चढतो. मग १६४६ हा आकडा खोटा का? नाही. तो समुद्रसपाटीपासून मोजलेला आहे, आणि तसा तो मोजला आहे हे सर्वांना ठाऊक आहे. प्रत्येक गावाने आपापल्या वेशीपासून उंची मोजली असती तर कोणता डोंगर उंच आणि कोणता ठेंगणा, हे कधीच ठरले नसते. रंगाच्या मोजणीत समुद्रसपाटीचे हे काम पांढरा रंग करतो. सर्व रंग त्याच्यापासून मोजावयाचे: हा त्याहून तांबड्याकडे किती, तो निळ्याकडे किती. म्हणून तो पांढरा कोणता, हे आधी ठरले पाहिजे.

हे ठरविण्याचे काम आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने अंगावर घेतले. या आयोगाची स्थापना १९१३ मध्ये झाली. डोळ्याला रंग कसा दिसतो याची मोजणी करण्यासाठी इंग्लंडात डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड या दोघांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले. पाहणाऱ्यापुढे एक लहानसे क्षेत्र असे. त्याच्या एका भागात एकच शुद्ध रंग, आणि दुसऱ्या भागात तांबडा, हिरवा व निळा असे तीन प्रकाश मिसळून तोच रंग जुळवावयाचा. राइटने दहा माणसांचे डोळे तपासले, गिल्डने सात. दोघांची उपकरणे वेगळी, मूळ रंगही वेगळे. तरी एकाच पांढऱ्याचा आधार धरून दोघांचे आकडे एका मापात बसविले, तेव्हा ते इतके जुळले की आयोगाने १९३१ मध्ये केंब्रिज येथील सभेत त्यांवरून 'प्रमाण निरीक्षक' ठरविला. अवघ्या सतरा माणसांच्या डोळ्यांवरून साऱ्या जगाचा डोळा ठरला, याचे आश्चर्य वाटते खरे. पण ते माप आजही वापरात आहे.

त्याच सभेत तीन प्रमाण उजेडही ठरले. त्यांना ए, बी आणि सी अशी साधी नावे दिली. ते कसे ठरविले हे समजण्यासाठी लोहाराच्या भट्टीकडे जावे लागेल. लोखंड तापू लागले की प्रथम काळपट तांबडे होते, मग नारिंगी, मग पिवळे. आणखी तापविले तर पांढरट दिसू लागते. म्हणजे तापलेल्या पदार्थाच्या उजेडाचा रंग त्याच्या तापमानावरून सांगता येतो. म्हणून शास्त्रज्ञ उजेडाच्या रंगाचे वर्णन तापमानाच्या आकड्याने करतात. हे तापमान केल्विन या मापात सांगतात. त्यात पाण्याचा गोठणबिंदू सुमारे २७३ असतो. मेणबत्तीची ज्योत सुमारे १९०० केल्विन, तारेचा दिवा सुमारे २८०० केल्विन, आणि निळ्या आकाशाचा उजेड दहा हजारांच्याही वर. चित्रकार निळ्याला शीतल आणि तांबड्याला उष्ण म्हणतात. भट्टीचा हिशोब नेमका उलटा आहे!

ए म्हणजे तारेच्या दिव्याचा उजेड, सुमारे २८५६ केल्विन. बी म्हणजे दुपारचे ऊन. सी म्हणजे दिवसाचा सरासरी उजेड. ऊन काही बाटलीत भरून ठेवता येत नाही. मग प्रयोगशाळेत ते आणावयाचे कोठून? डेव्हिस आणि गिब्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी यावर तोड काढली. ए दिव्यापुढे काचेच्या दोन चपट्या कुप्या उभ्या करावयाच्या. त्यांत एकेक सेंटिमीटर जाडीचे रंगीत द्रव भरलेले. त्या द्रवांत मुख्यतः मोरचूद आणि कोबाल्टचा एक क्षार विरघळविलेला असे. दिव्याच्या उजेडातील तांबडा-पिवळा अंश हे पाणी अडवून धरी आणि पलीकडे दिवसासारखा उजेड पडे. कोणता पदार्थ किती घ्यावयाचा याची मापे छापून प्रसिद्ध झालेली होती. त्यामुळे लंडनचा रसायनशास्त्रज्ञ आणि मुंबईचा रसायनशास्त्रज्ञ एकमेकांना न भेटता एकच पांढरा उजेड तयार करू शकत. सुगरणीच्या कृतीप्रमाणे पांढऱ्याचीही कृती झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे रंगीत टेलिव्हिजन आला. टेलिव्हिजनच्या पडद्याकडे भिंगातून पाहिले तर तांबडे, हिरवे व निळे असे तीनच प्रकारचे ठिपके दिसतात. सारे रंग या तिघांच्या मिश्रणातून होतात. पाठविणाऱ्या केंद्राकडून रंग येत नाही. येतात ते केवळ संकेत: तांबडा इतका, हिरवा इतका, निळा इतका. तिघेही पूर्ण उजळले की पांढरा. पण कोणता पांढरा? केंद्राच्या मनात दुपारचे ऊन असेल आणि घरातील संच निळसर पांढऱ्यावर जुळविलेला असेल, तर केवळ कागदच निळा दिसून भागत नाही. गायिकेचा चेहरा फिकट निळसर होतो, पिकलेला आंबा हिरवट वाटतो. चित्रातील प्रत्येक रंग जागचा सरकतो. म्हणून १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत प्रक्षेपणाचे नियम मंजूर झाले तेव्हा सी हा पांढरा त्यांत नमूद करण्यात आला. पुढे जपानमध्ये मात्र सुमारे ९३०० केल्विनच्या निळसर पांढऱ्यावर संच जुळविण्याची रीत पडली. तेथील चित्रे तेथील संचांवर चांगली दिसत. ती दुसरीकडे पाठविताना मात्र हा फरक ध्यानात धरावा लागे.

सी मध्येही एक उणीव होती. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात. ती कपड्याचा पिवळेपणा झाकते. हल्लीच्या साबणाच्या भुकटीत आणि कागदात याहून निराळे द्रव्य असते. सूर्यप्रकाशातील डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण ते शोषते आणि त्यांच्या जागी निळा उजेड बाहेर टाकते. म्हणूनच नवा सदरा उन्हात डोळे दिपविण्याइतका पांढरा दिसतो. सी उजेडात हे जंबुपार किरण फारच थोडे होते. त्यामुळे असल्या कापडांची व कागदांची मोजणी त्याच्या आधाराने बरोबर होईना. दिवसाच्या उजेडाची नक्कल पुरेशी नव्हती. खुद्द आकाशच मोजावे लागणार होते.

तसे ते मोजले गेले. अमेरिकेतील रॉचेस्टर, कॅनडातील ओटावा आणि इंग्लंडातील एनफील्ड या तीन गावी शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या वेळी, स्वच्छ आणि ढगाळ आकाशाखाली, दिवसाच्या उजेडाची मोजणी केली. अशा एकूण ६२२ मोजण्या गोळा झाल्या. जड, मॅकॅडम आणि विशेत्स्की या तिघांनी त्यांचा अभ्यास करून १९६४ मध्ये दिवसाच्या उजेडाचे गणित मांडले. त्यातूनच 'डी-६५' हा प्रमाण उजेड निघाला. रंगांचा एक नकाशा असतो. गावाला जसे अक्षांश-रेखांश तसे प्रत्येक रंगाला त्यावर दोन आकडे. त्या नकाशावर डी-६५ चे स्थान ०.३१२७ आणि ०.३२९० असे आहे. या ठिकाणाला श्वेतबिंदू म्हणतात. नावातील ६५ म्हणजे ६५०० केल्विन. पुढे तापमानाच्या गणितातील एका स्थिरांकाचे मूल्य किंचित बदलले आणि हिशोब ६५०४ वर गेला. उजेड तोच राहिला, नावही तेच राहिले. फक्त आकडा चार घरे पुढे सरकला. आणखी एक नवल असे की, तंतोतंत डी-६५ देणारा दिवा अद्याप कोणी बनविलेला नाही. तो आकड्यांचा एक तक्ता आहे, आणि सगळे दिवे त्याच्या जवळ जाण्याची खटपट करतात.

१९६७ मध्ये पश्चिम जर्मनी व ब्रिटन या देशांत 'पाल' पद्धतीचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. डी-६५ हाच त्या पद्धतीचा पांढरा. भारताने हीच पद्धत स्वीकारली. १९८२ मध्ये दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या त्या वर्षी दूरदर्शनची चित्रे रंगीत झाली, आणि त्यांबरोबर डी-६५ आपल्या घरांत आला. आजचे मोठ्या पडद्याचे टेलिव्हिजन, संगणक आणि मोबाइल फोन यांच्या प्रमाण मापांतही तोच श्वेतबिंदू आहे. अमेरिकेतील चित्रगृहशाळांनीही पुढे सी सोडून तो पत्करला.

याचा अर्थ सर्वांचा पांढरा आता एकच झाला, असा मात्र नव्हे. छापखान्यात चित्रांचे रंग तपासण्यासाठी डी-५० नावाचा थोडा पिवळसर पांढरा वापरतात. चित्रपटगृहातील डिजिटल यंत्रांचा पांढरा आणखी निराळा, किंचित हिरवटपणाकडे झुकणारा आहे. यात काही बिघडत नाही. दोन्हीकडचे श्वेतबिंदू माहीत असले की गणिताने एका मापातील रंग दुसऱ्या मापात नेता येतात, जसे इंचांचे सेंटिमीटर करता येतात. अडचण येते ती आकडा सांगून माप न सांगणाऱ्याची. कापडाच्या गिरणीला कोणी रंगाचे तीन आकडे कळविले आणि ते कोणत्या उजेडातले हे लिहिले नाही, तर रंगाऱ्याने किती काळजी घेतली तरी ठाण जुळेल याचा भरवसा नाही.

ओळखीच्या वस्तूंचे रंग चुकले तर निदान आपल्या ध्यानात येते. आंब्याचा रंग आपण जाणतो. परंतु जेथे कोणी मनुष्य गेलेलाच नाही तेथील चित्र आले तर? २० जुलै १९७६ रोजी अमेरिकेचे व्हायकिंग-१ हे यान मंगळावर उतरले. दुसऱ्या दिवशी त्याने पाठविलेले पहिले रंगीत चित्र घाईने तयार करून दाखविण्यात आले. जमीन तांबूस होती आणि आकाश चक्क निळे! पाहणाऱ्यांना आनंद झाला; मंगळ आपल्या घरासारखाच दिसत होता. पण यानाच्या अंगावर रंगांचे नमुने असलेल्या लहान पट्ट्या बसविलेल्या होत्या. त्यांचे रंग यान निघण्यापूर्वीच पृथ्वीवर मोजून ठेवलेले होते. चित्रातील त्या पट्ट्या आणि मोजलेले आकडे ताडून पाहता रंगांचा तोल चुकल्याचे दिसून आले. तो सुधारला तेव्हा मंगळाचे आकाश फिकट गुलाबी-पिवळट निघाले. तेथील विरळ हवेत तांबड्या धुळीचे बारीक कण तरंगत असतात; हे त्याचे कारण. जेम्स पोलॅक या शास्त्रज्ञाने ही दुरुस्ती जाहीर केली तेव्हा जमलेल्या वार्ताहरांनी थट्टेने नापसंतीचा आवाज काढला म्हणतात. निळे आकाश सर्वांनाच हवे होते. पण पट्ट्यांची साक्ष वेगळी होती.

तेव्हापासून मंगळावर उतरलेल्या गाड्यांनी ही साक्ष बरोबर नेली आहे. २००४ मध्ये तेथे पोहोचलेल्या स्पिरिट आणि अपॉर्च्युनिटी या दोन गाड्यांवर एकेक छोटे छायायंत्र होते. त्याच्या मध्यावरील काठीची सावली करड्या आणि पांढऱ्या वलयांवर पडे आणि चार कोपऱ्यांत चार रंगांचे चौकोन होते. 'दोन जगे, एक सूर्य' अशा अर्थाची अक्षरे त्यावर कोरलेली होती. परंतु मंगळाची धूळ त्या वलयांवरही बसू लागली. पांढऱ्यावर तांबडी धूळ बसली म्हणजे साक्षीदारच बदलला! ती धूळ लोहमिश्रित असून चुंबकाकडे ओढली जाते. म्हणून १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्स गाडीवर रंगांच्या गोल ठिपक्यांखाली वलयाकार चुंबक बसविलेले आहेत. कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेत ते साधन तयार झाले. धूळ चुंबकाच्या कडेवर गोळा होते आणि मधला पांढरा ठिपका त्या मानाने स्वच्छ राहतो.